आकड्याला कड असते

हिंजवडीच्या राजीव गांधी इन्फोटेक पार्कमध्ये काम करणाऱ्या पंचेचाळिशीच्या एका अभियंत्याची कल्पना करू. कंपनीतर्फे दर वर्षी आरोग्य तपासणी होते आणि त्या तपासणीत आता टूडी इको, म्हणजे ध्वनिलहरींनी हृदय पाहण्याची चाचणीही असते. गेल्या वर्षी अहवालात हृदयाचे ‘पंपिंग’ ६२ टक्के होते. यंदा ते ५३ आले. त्याला दम लागत नाही, पायांवर सूज नाही, छातीत दुखत नाही. तरीही रात्री दोन वाजता तो लॅपटॉप उघडून दोन्ही अहवाल शेजारी शेजारी ठेवतो. ६२ वजा ५३, म्हणजे नऊ. याच वेगाने गेलो तर पुढच्या वर्षी ४४, त्याच्या पुढच्या वर्षी ३५. आलेखावर उतरत जाणाऱ्या त्या रेघेत त्याला मुलीचे शिक्षण, घराचे हप्ते, सारेच घरंगळताना दिसू लागते.

हा माणूस कल्पनेतला असला तरी त्याचा हिशेब आपल्या सर्वांच्या ओळखीचा आहे. त्याची वजाबाकी बरोबर आहे. चूक आहे ती वजाबाकीच्या आधी, मनात न बोलता धरलेल्या गोष्टीत: हे दोन्ही आकडे हृदयाने स्वतः सांगितले आहेत, असे त्याने धरून टाकले. वास्तविक इकोतला आकडा हृदय, प्रोब धरणारा हात, पडदा पाहणारा डोळा आणि यंत्र या चौघांनी मिळून तयार केलेला असतो. हृदय जागच्या जागी असले तरी उरलेल्या तिघांमुळे आकडा हलतो. तो किती हलतो, हे वैद्यकशास्त्राला ठाऊक आहे. अहवालावर मात्र ते छापले जात नाही. ते छापले गेले पाहिजे आणि त्या मर्यादेच्या आतल्या फरकाला ना आजार म्हणावे ना सुधारणा, एवढेच मला या लेखात मांडायचे आहे. मागणी छोटी आहे, पण तिच्यावर लोकांची झोप, औषधे आणि कधी कधी शस्त्रक्रियाही अवलंबून असतात.

आधी हा आकडा बनतो कसा ते पाहू. हृदयाचा डावा खालचा कप्पा रक्ताने भरतो आणि आकुंचन पावून ते शरीरात ढकलतो. भरलेल्या रक्ताचा जेवढा हिस्सा एका ठोक्यात बाहेर पडतो, त्याला इजेक्शन फ्रॅक्शन म्हणतात. अहवालात ते ‘ईएफ’ असते, बोलण्यात ‘पंपिंग’. कप्पा भरल्यावर १२० मिलिलिटर आणि आकुंचनानंतर ५० मिलिलिटर रक्त उरले, तर ७० बाहेर गेले. म्हणजे पंपिंग सुमारे ५८ टक्के. अमेरिकन आणि युरोपीय तज्ज्ञांच्या संघटनांनी २०१५ साली ठरवलेल्या निकषांप्रमाणे पुरुषांत ५२ ते ७२ आणि स्त्रियांत ५४ ते ७४ हा टप्पा सामान्य समजतात. म्हणजे आपल्या अभियंत्याचे दोन्ही आकडे सामान्यच होते. रात्री दोन वाजता हे त्याला कोणी सांगितले नाही.

पण कप्प्यात किती मिलिलिटर रक्त आहे हे यंत्र मोजून पाहत नाही. ते कप्प्याची लांबी-रुंदी पाहते आणि आकारमान हिशेबाने काढते. टायकोल्झ यांच्या जुन्या आणि सोप्या सूत्रात कप्प्याची एकच रुंदी घेतात आणि तिच्या घनावरून आकारमान ठरवतात. घन केला की लहान चूक मोठी होते. कप्प्याची रुंदी भरलेला असताना ४.८ सेंटिमीटर आणि आकुंचनानंतर ३.२ सेंटिमीटर मोजली, तर पंपिंग ६२ टक्के येते. दुसरी रुंदी ३.२ ऐवजी ३.५ मोजली, तर तेच पंपिंग ५३ टक्के होते. ६२ आणि ५३ यांच्यामधले अंतर ३ मिलिमीटरचे आहे, जेमतेम ज्वारीच्या दाण्याएवढे. राखाडी, लुकलुकत्या पडद्यावर, धडधडणाऱ्या अवयवाच्या भिंतीवर खूण करताना एवढा फरक पडायला कोणी निष्काळजी असावे लागत नाही.

म्हणूनच आताचे निकष हे सूत्र टाळायला सांगतात आणि सिम्पसनची पद्धत वापरायला सांगतात. तिच्यात दोन वेगवेगळ्या कोनांतून कप्प्याची आतली कड हाताने रेखाटतात आणि त्या आकृतीचे चकत्यांसारखे थर करून आकारमान काढतात. ही पद्धत निश्चितच चांगली आहे. पण कड रेखाटायची कुठून? हृदयाची आतली भिंत गुळगुळीत नसते, स्नायूंचे बारीक दोरे तिच्यावर विणलेले असतात. ते रेघेच्या आत घ्यायचे की बाहेर ठेवायचे? फुप्फुसातल्या हवेमुळे भिंतीचा एखादा भाग दिसतच नाही. तिथे डोळा अंदाजाने रेघ जोडतो. प्रोब जरा तिरका लागला तर कप्प्याचे टोक कापले जाते आणि कप्पा आखूड दिसतो.

इथे मला पांडुरंग वासुदेव सुखात्मे आठवतात. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ साली जन्मलेले आणि पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकलेले हे संख्याशास्त्रज्ञ पुढे जगभर नावाजले गेले. १९४० च्या दशकात ते पिकांच्या उत्पादनाचा अंदाज घेण्याच्या पद्धतीवर काम करत होते. शेतात एक छोटा तुकडा आखायचा, त्यातले पीक कापून तोलायचे आणि त्यावरून हेक्टरी उत्पन्न काढायचे, अशी ती पद्धत. सुखात्मे यांनी दाखवून दिले की तुकडा फार लहान घेतला तर उत्पन्न खऱ्याहून जास्त येते. कारण कडेवर उभे असलेले ताट आत धरायचे की बाहेर, हे ठरवताना कापणाऱ्याचा हात ते आत ओढतो. तुकडा जितका लहान, तितका कडेचा वाटा मोठा आणि तितकी चूकही मोठी.

शेतातल्या त्या दोरीत आणि हृदयाच्या पडद्यावरच्या रेघेत मला तत्त्वाचा काही फरक दिसत नाही. दोन्हीकडे माणूस एका सजीव गोष्टीभोवती कड आखतो आहे आणि कडेवरच्या प्रत्येक दाण्याचा निर्णय स्वतः घेतो आहे. सुखात्मे यांनी कापणाऱ्यांना दोष दिला नाही. चूक किती होते ते त्यांनी मोजले आणि पद्धतीत तिची दखल घेतली. इकोच्या अहवालाकडून आपण एवढीच अपेक्षा ठेवतो आहोत.

हाताच्या आणि डोळ्याच्या फरकात खुद्द हृदयाचाही वाटा असतो. हृदय दर ठोक्याला अगदी एकसारखे आकुंचन पावत नाही. श्वास आत घेतल्याने, रक्तदाब चढल्याने, पाणी कमी प्यायल्याने किंवा वाकडचा पूल ओलांडून धापा टाकत तपासणीला पोहोचल्याने कप्प्यात भरणारे रक्त आणि त्यापुढचा दाब बदलतो. ठोके अनियमित असले तर दोन सलग ठोक्यांतही ठळक फरक पडतो. म्हणून अशा रुग्णांत किमान पाच ठोक्यांची सरासरी घ्यावी असा संकेत आहे. याशिवाय डोळ्याला गोल आकड्यांची ओढ असते. नजरेने अंदाज घेणारा डॉक्टर ५७ लिहीत नाही, ५५ किंवा ६० लिहितो. या एका सवयीतच पाच अंकांची पायरी दडलेली आहे.

मग एकूण फरक किती? अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकच्या डॉक्टरांनी २०१३ साली याचे उत्तर देणारा एक महत्त्वाचा अभ्यास प्रसिद्ध केला. केमोथेरपी घेणारे, पण हृदयाची स्थिती वर्षभर स्थिर राहिलेले रुग्ण त्यांनी निवडले आणि त्यांचे इको पुन्हा पुन्हा केले. हृदय बदललेले नसताना नेहमीच्या द्विमितीय पद्धतींत पंपिंगचा आकडा सुमारे दहा अंकांनी किंवा त्याहून अधिक वरखाली होऊ शकत होता. सर्वांत चांगल्या ठरलेल्या त्रिमितीय पद्धतीतही ही मर्यादा सुमारे सहा अंकांची होती.

हे घरीही पडताळता येईल असे गणित आहे. समजा, एकाच हृदयाचे पंपिंग पुन्हा पुन्हा मोजले असता आकडे खऱ्या किमतीभोवती विखुरतात आणि त्या विखुरण्याचे प्रमाण विचलन ४ अंक आहे. दोन मोजमापांची वजाबाकी केली की दोघांच्या चुका एकत्र येतात आणि वजाबाकीचे विचलन ४ गुणिले २ चे वर्गमूळ, म्हणजे सुमारे ५.७ होते. शंभरातल्या पंचाण्णव वेळा अशा वजाबाक्या त्याच्या सुमारे दुपटीत, म्हणजे उणे ११ ते अधिक ११ च्या दरम्यान पडतील. म्हणजे हृदय तसूभरही बदललेले नसताना नऊ अंकांचा फरक दिसणे ही रोजची गोष्ट आहे. आपल्या अभियंत्याची उतरती रेघ दोन बिंदूंमधून काढलेली होती आणि ते दोन्ही बिंदू जाड होते. अशा दोन जाड बिंदूंतून चढती, उतरती, आडवी, कुठलीही रेघ काढता येते.

मार्टिन ब्लँड आणि डग्लस ऑल्टमन या दोन ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञांनी १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्ये याचे सरळ सूत्र दिले. दोन मोजमापे किती जुळतात हे पाहायचे तर त्यांचा सहसंबंध काढून समाधान मानू नका. त्यांच्यातला फरक काढा आणि तो किती पसरतो ते सांगा. एकाच माणसाला दोनदा मोजल्यावर फरक किती अपेक्षित आहे, हा आकडा प्रत्येक मोजमापाबरोबर द्या. हे तंत्र आज प्रत्येक वैद्यकीय संशोधनपत्रिकेत भेटते. ते रुग्णाच्या हातातल्या कागदापर्यंत मात्र पोहोचलेले नाही.

आता हिंजवडीपासून फार दूर नसलेल्या दुसऱ्या जगाकडे पाहू. भोसरी, पिंपरी-चिंचवड, चाकण या पट्ट्यात वाहनांचे सुटे भाग बनवणारे असंख्य कारखाने आहेत. तिथल्या गुणवत्ता विभागातल्या कोणालाही ‘गेज आर अँड आर’ म्हणजे काय ते विचारा. दहा नग घ्यायचे, तीन माणसांनी तेच नग प्रत्येकी दोन-तीनदा मोजायचे आणि मग हिशेब करायचा: आकड्यांत जो फरक दिसतो त्यातला नगांचा किती आणि मोजण्याचा किती? मोजण्याचा वाटा १० टक्क्यांहून कमी असला तर मोजणी चांगली, १० ते ३० असला तर प्रसंग पाहून चालवून घ्यायची आणि ३० च्या वर गेला तर ती मोजणी बाद. हे केल्याशिवाय मोठा ग्राहक साधा शाफ्टसुद्धा स्वीकारत नाही.

आणि इकोचे यंत्र मुळात याच जगातून आले आहे. स्वीडनच्या लुंड शहरातले डॉक्टर इंगे एडलर आणि भौतिकशास्त्रज्ञ हेलमुट हर्ट्झ यांनी १९५३ साली माल्मोच्या कोकुम्स जहाजबांधणी कारखान्यातून ध्वनिलहरींचे यंत्र उसने आणले. धातूतले दोष आणि तडे शोधण्यासाठी ते वापरले जाई. हर्ट्झ यांनी ते स्वतःच्या छातीवर लावले आणि हृदयाचा प्रतिध्वनी पडद्यावर हलताना पाहिला. त्याच वर्षी ऑक्टोबरात त्या दोघांनी हृदयाच्या हालचालीचे पहिले आलेखन केले. वैद्यकाने कारखान्याकडून यंत्र घेतले, पण यंत्राबरोबर असायला हवी होती ती शिस्त कारखान्यातच राहून गेली. चाकणमधल्या शाफ्टच्या व्यासाला जी वागणूक मिळते, ती माणसाच्या हृदयाच्या आकड्याला मिळू नये, हे मला मान्य नाही.

हा प्रश्न केवळ घाबरण्याचा असता तर समजुतीच्या चार शब्दांनी भागले असते. पण पंपिंगच्या आकड्यावर मोठे निर्णय उंबरठे आखून घेतले जातात. पंपिंग ३५ किंवा त्याहून कमी असेल तर अनेक रुग्णांना छातीत डिफिब्रिलेटर बसवण्याचा विचार होतो. ४० किंवा त्याहून कमी असेल तर औषधांची एक मांडणी, ४१ ते ४९ मध्ये दुसरी. स्तनांच्या काही कर्करोगांवर दिल्या जाणाऱ्या ट्रास्टुझुमॅबसारख्या औषधामुळे हृदय दुबळे होऊ शकते. तिथे आकडा १० अंकांहून अधिक घसरून ५३ च्या खाली गेला तर तो हृदयावरचा दुष्परिणाम समजावा, असे तज्ज्ञांनी २०१४ साली सुचवले. हा १० चा उंबरठा आणि क्लीव्हलँडमध्ये दिसलेली १० ची मोजणीतली मर्यादा आता शेजारी शेजारी ठेवून पाहा. जीव वाचवणारे औषध एखाद्या बाईसाठी थांबवायचे की चालू ठेवायचे, हे जर एका तिरक्या प्रोबवर ठरणार असेल, तर त्या आकड्याची कड माहीत असणे हा तिचा हक्क आहे.

आणखी एक फसगत उलट्या दिशेने होते. मोठ्या तपासणीत ज्यांचे आकडे सर्वांत कमी येतात, त्यांच्यातल्या काहींचे हृदय खरेच दुबळे असते आणि काहींचा आकडा त्या दिवशी मोजण्याच्या फरकाने खाली पडलेला असतो. दुसऱ्यांदा मोजल्यावर या दुसऱ्या गटाचे आकडे आपोआप वर येतात. फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८६ साली सरासरीकडे परतण्याची ही प्रवृत्ती दाखवून दिली होती. मधल्या तीन महिन्यांत त्या माणसाने जे काही केले असेल, मग ती गोळी असो, काढा असो की एखादे महागडे ‘हार्ट पॅकेज’, श्रेय त्याला जाते. आपल्याकडे कित्येक भोंदू उपचारांची प्रतिष्ठा याच परतीच्या वाटेवर उभी आहे.

यावर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो मी हलका मानत नाही. सगळेच मोजणीतल्या फरकावर ढकलायला लागलो, तर खरी घसरण दुर्लक्षित होईल. या आक्षेपाचा पुण्यातच एक मोठा पूर्वेतिहास आहे. जागतिक अन्न आणि कृषी संघटनेतून निवृत्त होऊन पुण्यात परतल्यावर सुखात्मे यांनी कुपोषणाच्या मोजणीवर प्रश्न उभा केला. एकाच निरोगी माणसाचे रोजचे खाणे आणि त्याची गरजही दिवसागणिक बदलते. म्हणून सरासरी गरजेहून कमी खाणारा प्रत्येक जण उपाशी, असे मोजणे चूक आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. त्याला गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या वि. म. दांडेकरांनी विरोध केला. गरिबाच्या ताटातली तूट योगायोगाने येत नाही, त्याच्या गरिबीमुळे येते. तिला चढउतार म्हणून माफ करता येणार नाही, असा त्यांच्या विरोधाचा गाभा होता. ऐंशीच्या दशकात हा वाद चांगलाच गाजला.

मला त्या वादातून दोघांचेही देणे घ्यावेसे वाटते. चढउतार असतो आणि तो मोजल्याशिवाय निष्कर्ष काढू नये, हे सुखात्मे यांचे. चढउताराच्या नावाखाली सातत्याने एकाच दिशेने पडणारी तूट लपवू नये, हे दांडेकरांचे. ही दोन्ही तत्त्वे इकोला जशीच्या तशी लागू पडतात. ६२ नंतर ५३ आणि मग पुन्हा ६० आले, तर तो चढउतार. ६२, ५६, ५०, ४५ अशी माळ लागली, तर शेजारच्या दोन आकड्यांमधला प्रत्येक फरक मर्यादेच्या आत असूनही एकूण घसरण खरी मानावी लागेल. त्यातच दम लागत असेल, पायांवर सूज असेल तर आकड्याची वाटच पाहू नये. मर्यादा छापल्याने खरा आजार झाकला जात नाही. गोंगाट किती आहे हे कळले की त्यातला आवाज ऐकू येतो.

दुसरा आक्षेप असा की डॉक्टरांना हे सारे ठाऊक असते, रुग्णाला सांगून घोळ का वाढवायचा? अनुभवी हृदयरोगतज्ज्ञ केवळ आकड्याकडे पाहत नाही, तो चित्रफीत पाहतो, रुग्ण पाहतो, हे अगदी खरे आहे. पण अहवाल त्यांच्यापुरता राहत नाही. तो मोबाइलवर येतो, नातेवाइकांच्या गटात जातो, दुसऱ्या दवाखान्यात पोहोचतो. हिंजवडीतला वाचक तर सॉफ्टवेअरच्या चाचण्यांत आकड्यांचा चढउतार रोज पाहतो. कोड न बदलता कधी पास तर कधी नापास होणाऱ्या चाचणीवर तो विश्वास ठेवत नाही. त्याच्यापासून ही माहिती लपवून त्याला शांती मिळत नाही, उलट त्याचे स्वतःचे चुकीचे गणित मोकाट सुटते. निवडणुकीच्या सर्वेक्षणाबरोबर दोन-तीन टक्क्यांची मर्यादा छापलेली पाहण्याची आपल्याला सवय झाली आहे. हृदयाचा मान त्याहून कमी असू नये.

तिसरे म्हणणे आशेचे आहे: हे काम आता संगणक करील. २०२० साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी दहा हजारांहून अधिक इको चित्रफितींवर घडवलेली प्रणाली प्रसिद्ध केली. तिच्या आणि तज्ज्ञांच्या आकड्यांतला सरासरी फरक सुमारे ४ अंकांचा होता. त्याच प्रणालीची पुढे तंत्रज्ञांशी तुलना झाली, तेव्हा डॉक्टरांनी तिच्या आकड्यात तंत्रज्ञांच्या आकड्यापेक्षा कमी वेळा मोठी दुरुस्ती केली. ही चांगली बातमी आहे आणि अशा कामात हिंजवडीतल्या हातांनीही भर घालावी. पण तिरक्या प्रोबने घेतलेली फीत संगणकालाही तिरकीच दिसते. शिवाय तो माणसांनी आखलेल्या कडांवरूनच शिकलेला असतो. म्हणून संगणकाच्या आकड्याशेजारीही मर्यादा हवीच.

करायचे ते महागडे नाही. इको केंद्रांनी वर्षातून एकदा वीस-तीस रुग्णांचे इको दोन वेगळ्या व्यक्तींकडून, एकमेकांचे आकडे न दाखवता करून घ्यावेत आणि आपल्या केंद्राची मर्यादा स्वतः काढावी. ती अहवालावर छापावी: ‘पंपिंग ५३ टक्के, या केंद्रात सलग दोन मोजमापांत इतक्या अंकांपर्यंतचा फरक केवळ मोजणीमुळे पडू शकतो.’ कोणती पद्धत वापरली तेही लिहावे. किमान तीन ठोक्यांची सरासरी घ्यावी. आकडा बदललेला दिसला तर जुनी आणि नवी चित्रफीत शेजारी ठेवून एकाच डोळ्याने पाहावी. कंपन्यांनी दर वर्षी स्वस्त पॅकेजसाठी केंद्र बदलू नये; मोजणारा बदलला की तुलनेला अर्थ राहत नाही.

वाचकांना माझी विनंती आहे. इकोची फाइलच नाही, चित्रफीतही मागून घ्या आणि जपून ठेवा. शक्यतो त्याच केंद्रात, त्याच पद्धतीने पुन्हा तपासणी करा. आकडा बदलला तर औषध सुरू किंवा बंद करण्याआधी डॉक्टरांना एकच प्रश्न विचारा: हा फरक तुमच्या मोजणीच्या मर्यादेच्या बाहेर आहे का? उत्तर ‘हो’ असेल तर एक दिवसही दवडू नका. ‘नाही’ असेल तर पुढच्या तपासणीची तारीख घ्या, लॅपटॉप बंद करा आणि झोपा.